गाडी रात्री कुठे झोपते?

डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून गॅरेजात आलेला माणूस अर्धा चिडलेला असतो आणि अर्धा लाजलेला. चीड गाडीवरची, लाज गल्लीची. कारण पेट्रोलची गाडी बंद पडली तर मुकाट पडते. डिझेलवाली मात्र घर्र-घर्र करत सगळ्या आळीला उठवते. मग गॅलरीत एकेक डोकं येतं, आणि पुण्यातली डोकी नुसती बघून आत जात नाहीत. "काय हो, आज आमच्या चहापर्यंत होईल का सुरू?" असं विचारून जातात.

कर्वेनगरात माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. आता तिथे बेकरी आहे. पाव चांगला मिळतो, माझी तक्रार नाही. लोक मला मिस्त्री म्हणायचे, अजूनही म्हणतात. क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, सगळंच केलं. पण सकाळचं दुखणं हा माझा खास प्रांत. विश्रांतवाडीहून माणसं गाडी ओढून आणायची. मधे किती गॅरेजं लागतात ते तुम्हीच मोजा. बढाई वाटेल, वाटू द्या. आयुष्यभर काळे हात घेऊन फिरल्यावर म्हाताऱ्याला एवढी बढाई माफ असावी.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाहीच. तिथे हवा इतकी दाबतात की ती तापते आणि तिच्यावर डिझेलचा फवारा पडला की भडका होतो. म्हणजे सकाळी गार इंजिन सुरू व्हायला हवा दाबली गेली पाहिजे, डिझेल वेळेवर पोचलं पाहिजे आणि बॅटरीने इंजिन जोरात फिरवलं पाहिजे. शिवाय जुन्या इंजिनांत आतली हवा गरम करायला हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. यातलं काय बिघडलंय ते ओळखायचं, एवढाच माझा धंदा. डोळे एक्झॉस्टवर ठेवायचे आणि कान स्टार्टरवर.

कान म्हटल्यावर आठवलं. कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांची जुनी जीप सकाळी कुरकुरायची आणि माझ्याकडे येईपर्यंत शहाण्यासारखी वागायची. तिसऱ्या खेपेला ते गाडीऐवजी टेपरेकॉर्डर घेऊन आले. बटण दाबलं. आधी कोंबडा, मग त्यांच्या सौभाग्यवतींचं "अहो, पुरे झालं आता", आणि मागे स्टार्टरचा आवाज. मी म्हटलं, "साहेब, खोकल्याची कॅसेट ऐकून डॉक्टर औषध देतो का?" ते शांतपणे म्हणाले, "चांगला असेल तर देतो." कान लावून ऐकलं. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. इंजिन धडपडत दोन सिलिंडरवर उचलत होतं आणि मग हळूहळू बाकीचे मिळत होते. हीटर प्लग बदलले, जीप सुरळीत झाली. त्या गृहस्थांना मी मनापासून नमस्कार केला. दुखणं जिथे होतं तिथला पुरावा त्यांनी आणला होता. ही अक्कल पुढे माझ्या कामी आली.

ती कामी आली मंदाताईंच्या पिकअपला.

तेव्हा हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. पोरं-पोरी गळ्यात पट्टे घालून बसच्या रांगेत उभी राहायची आणि सकाळच्या शिफ्टला उपाशी पोटी जायची. मंदाताई मूळच्या वर्ध्याकडच्या. नवरा वासुदेवराव भोसरीला कारखान्यात. ताईंनी घरच्या घरी पोहे करायला सुरुवात केली, वर त्यांच्याकडची झणझणीत तर्री, आणि अशाच एका कंपनीची सकाळच्या नाश्त्याची ऑर्डर मिळवली. त्यासाठी नवरा-बायकोने साठवलेलं सगळं घालून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. गाडी ताई स्वतः चालवायच्या. त्या काळात पिकअपच्या स्टिअरिंगवर बाई दिसली की सिग्नलला रिक्षावाले मान वळवून बघायचे.

गाडी घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा खालीही उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी नीट पाहा. तीन मेकॅनिक झाले. सकाळी गाडी सुरूच नाही होत. त्यायच्याकडे ठेवली तं एका किल्लीत होते. म्हणून ते म्हणते, ताई, तुमचाच हात बरोबर नाही."

"कोणता हात?"

"स्टार्टर माराचा! बाईच्या हाताले गाडी लागत नाही म्हणते. आता मले सांगा भाऊ, किल्लीले कसं समजते का हात बाईचा हाय का माणसाचा?"

मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या. कंपनीच्या कँटीनवाल्या साहेबाने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की पोहे उत्तम आहेत, पण आता एकदा जरी नाश्ता उशिरा आला तरी ऑर्डर दुसऱ्याला देणार. आणि घरी वासुदेवराव म्हणत होते, गाडी विकून टाकू. तेही वाईट नव्हते. घाबरले होते. दर सकाळी बायको गाडीशी झटताना बघायची आणि आपल्याला काही करता येत नाही, हे पुरुषाला फार लागतं. शिवाय तीन-तीन मिस्त्री एकच सांगतायत म्हटल्यावर त्यांनाही ते पटलं होतं. रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

मी माझ्या पद्धतीने गाडी तपासली. हीटर प्लग नवे, आधीच्यांनी बदललेले. बॅटरी नवी. स्टार्टर दमदार. कॉम्प्रेशन, म्हणजे हवेचा दाब, वयाच्या मानाने बरं. पिकअपने आयुष्यात बरंच ओझं वाहिलं होतं, पण फुप्फुसं शाबूत होती. डिझेल कुठूनही टपकत नव्हतं. रात्रभर गॅरेजात ठेवली आणि सकाळी ताईंना बोलावून त्यांच्याच हाताने किल्ली फिरवायला लावली. एका झटक्यात सुरू! ताईंचा चेहरा पडला. माझाही पडला. गाडी सुरू झाल्यावर मेकॅनिकचा चेहरा पडावा, असा प्रसंग फार क्वचित येतो.

"म्हणजे घरीच काय होते हिले?" त्या म्हणाल्या.

तो प्रश्न ऐकला आणि मला टेपरेकॉर्डरवाले साहेब आठवले. म्हटलं, "ताई, गाडी रात्री कुठे झोपते?"

"सोसायटीत, आनखी कुठं?"

"मग उद्या सकाळी मी येतो. मी यायच्या आत किल्लीला हात लावायचा नाही."

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आता एवढंच राहिलं होतं. अंथरूण पण घेऊन जा." मी स्कूटर काढली आणि उजाडायच्या सुमारास पोचलो.

कोथरूडला टेकडीच्या अंगाला असलेली जुनी सोसायटी. आतला रस्ता फाटकापासून वर चढत गेलेला. त्या चढावरच एका कडेला गाड्या लावायची जागा. मंदाताईंचं भाड्याचं घर तळमजल्याला, आतून फोडणीचा वास सुटलेला. पोटात कावळे ओरडायला लागले. पिकअप उभी होती, तोंड वर टेकडीकडे, मागचा भाग खाली फाटकाकडे. आणि समोर भिंतीवर रंगवलेली पाटी : "चारचाकी वाहनांची तोंडे टेकडीकडेच असावीत. शंका असल्यास टेकडी बघून घ्यावी."

मी मागे एक्झॉस्टपाशी उकिडवा बसलो आणि ताईंना म्हटलं, मारा. हीटरचा दिवा विझेपर्यंत त्या थांबल्या, पद्धतशीर. स्टार्टर फिरला. घर्र-घर्र-घर्र. नळीतून काही नाही. थांबून पुन्हा. तरी काही नाही. धुराचा एक दोरासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, सापडला चोर! मग बऱ्याच वेळाने भसकन पांढरा लोट आला, इंजिन खोकलं, अडखळलं आणि एकदाचं सुरू झालं. चढाच्या वरच्या टोकाला तळमजल्याच्या खिडकीतून एक आवाज आला, "झालं का?"

आता यातली मेख सांगतो. आधीच्या मिस्त्र्यांना ताईंनी खरंच सांगितलं होतं की पांढरा धूर येतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल आलं पण जळलं नाही. म्हणून त्यांनी हीटर बदलले, एकाने तर इंजिनच उतरवायचा सल्ला दिला. शिकवण बरोबर, पण धुराच्या आधीची वेळ कोणी बघितलीच नव्हती. स्टार्टर फिरतोय आणि धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल इंजिनापर्यंत आलेलंच नाही. टाकीत डिझेल, फिल्टर चांगला, पंप चांगला. मग रात्रीतून ते जातं कुठे?

ताई पोहे परतायला आत गेल्या होत्या. मी दारातून विचारलं, "ताई, गाडी पहिल्यापासून अशीच लावता?"

"नाई जी. पहिले तोंड फाटकाकडे राहे. सकाळी निंघाले सोपं. मग सेक्रेटरीकाकांनी पाटी लावली."

"आणि सुरू व्हायचा त्रास?"

ताई दारात आल्या. हातातला झारा तसाच. "त्याच्यानंतरच सुरू झाला भाऊ. पन पाटीचा अन् इंजिनचा काय संबंध?"

संबंध होता. या पिकअपची टाकी मागे, इंजिन पुढे. तोंड चढाकडे केलं की इंजिन उंचावर जातं आणि टाकी खाली. उसाचा रस नळीने वर ओढा आणि नळीचं वरचं टोक बोटाने दाबून धरा. रस नळीत टिकून राहतो. पण नळीला वरच्या बाजूला बारीक भोक असेल तर हवा शिरते आणि रस खाली ग्लासात जातो. या गाडीच्या डिझेलच्या नळीत कुठेतरी तसंच बारीक भोक होतं. रात्रभर तिथून हवा आत जायची आणि डिझेल निवांत टाकीत परतायचं. सकाळी सगळी हवा ओढून संपेपर्यंत ताईंनी स्टार्टर मारायचा. तोंड उताराकडे असताना टाकीच उंचावर, तेव्हा प्रश्नच नव्हता. आणि गॅरेजं? गॅरेजची जमीन सपाट असते हो! सपाट जमिनीवर डिझेल फारसं मागे जात नव्हतं. आम्ही मिस्त्री लोक गाडी आमच्या घरी आणून तपासत होतो आणि आजार तिच्या घरच्या चढावर होता.

अंदाज झाला, पण अंदाजावर मी पाना लावत नाही. त्या संध्याकाळी फिल्टर आणि पंपाच्या मधली काळी रबरी नळी काढून तिथे सलाईनची पारदर्शक नळी बसवली. हा आमचा जुना उपाय, आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. नळी रिकामी होती, तळाशी थेंबभर डिझेल. ताईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी माह्या हाताले शिव्या देत होती!" असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. मी तिकडे बघितलं नाही. फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढली. त्या दिवशी गाडी लगेच सुरू झाली आणि नाश्ता वेळेत गेला.

पण रोज हातपंप मारत बसायचं हा काही इलाज नव्हे. भोक शोधायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याहून सोपा उपाय माझ्या डोक्यात आला होता : गाडीचं तोंड फिरवा. म्हणून मी त्या "झालं का?"वाल्या खिडकीपाशी गेलो. सेक्रेटरी आगाशे, निवृत्त, बनियन आणि लेंगा, हातात चहाचा कप. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे आपलं म्हणणं, पाटी आजारी आहे?"

"नाही हो. भोक सापडेपर्यंत गाडी उलटी लावू द्या, एवढंच."

"नाही."

"अहो, एका बाईच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे!"

"आणि माझ्या बायकोच्या श्वासाचा आहे," आगाशे म्हणाले. "तिला दमा आहे. गाडीचं तोंड फाटकाकडे असलं की धुराची नळी बरोबर तिच्या उशाशी येते. पोह्यांबद्दल आमची काही तक्रार नाही. आपण मिस्त्री आहात ना? मग गाडी दुरुस्त करा. सोसायटी दुरुस्त करू नका."

माझं डोकं सणकलं. पण आत खाटेवर उशांना टेकून बसलेल्या काकू दिसल्या आणि माझा पारा उतरला. माणूस खडूस होता, खोटा नव्हता. मी म्हटलं, "रविवारी बघा." ते म्हणाले, "रोजच बघतोय."

भोक शोधणं हे जिकिरीचं काम. डिझेल बाहेर येत असेल तर ओल दिसते. इथे हवा आत जात होती, आणि हवेचा डाग पडत नाही. शनिवारी दुपारी गाडी गॅरेजात घेतली, टाकीकडून नळीत अगदी हलका हवेचा दाब दिला आणि ब्रशने साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावत गेलो. टाकीपासून सुरुवात केली, चॅसिसच्या बाजूने सरकत आलो. काही नाही. फिल्टरचे जोड, काही नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप राहिला. फेस लावला आणि त्याच्या दांड्यापाशी एक एवढासा बुडबुडा आला, फुगला, फुटला. परत आला. मी गॅरेजात एकटाच ओरडलो, "अरे लबाडा!" आतली रबरी सील वाळून चिरली होती. म्हणजे हवा काढायला जो पंप देतात, तोच हवा घेत होता. नवा हातपंप बसवला, जोडांचे तांब्याचे वायसर बदलले, वयस्क नळ्याही बदलून टाकल्या. सलाईनची नळी तेवढी मुद्दाम राहू दिली.

खरी परीक्षा मात्र त्याच चढावर व्हायची होती, रात्र काढून. आणि दुसरा दिवस रविवार. त्या कंपनीला रविवार नव्हता, तिकडे अमेरिकेची कामं आठवड्याचे सातही दिवस चालायची. नाश्ता जायचा होता आणि नाश्त्यानंतर गिऱ्हाईक यायचं होतं. सीलबद्दलचा माझा अंदाज चुकीचा निघाला असता तर ऑर्डर आणि गाडी एकाच सकाळी जाणार होती. मला नीट झोप लागली नाही, हे मी बायकोपासून लपवलं. तिला अर्थात कळलं होतं.

सकाळी पोचलो तर वासुदेवराव अंगणात उभे. शिडशिडीत माणूस, मफलर गुंडाळलेला. "मिस्त्री, तुमी एवढं केलं, उपकार झाले. पन मी सुरू करून पाहू का? आज रिस्क नको."

मी म्हटलं, "नाही. किल्ली ताईच फिरवतील."

"अन् नाही झाली तं?"

"तर दोष माझ्या हाताचा. तिच्या हाताला यापुढे कोणी बोलायचं नाही."

एवढं बोलून बसलो आणि बॉनेट उघडलं. सलाईनची नळी बघितली. काठोकाठ डिझेल, मधासारखं पिवळं, एक बुडबुडा नाही. मी बॉनेट लावलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. ताईंना स्वतःला कळू दे म्हटलं.

ताई चढून बसल्या. किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला. विझला. त्यांनी डोळे मिटले आणि किल्ली पुढे नेली. इंजिन एका हाकेला उठलं! मागे जरासा राखाडी धूर निघाला, फाटकाकडे गेला आणि विरला. ताई तशाच बसल्या. मग त्यांनी इंजिन बंद केलं. वासुदेवराव ओरडले, "अवं, काय करतं? बंद काहून केली?" ताईंनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा एका हाकेत सुरू. मला विचाराल तर माझ्या सगळ्या कामांत इतका सुंदर आवाज मी दुसरा ऐकला नाही.

चढाच्या टोकाची खिडकी उघडली. आगाशे डोकावले. "आज सुट्टी आहे का यांना? गाडी कण्हली नाही."

"चालू आहे, काका," मी म्हटलं.

ते कान देऊन उभे राहिले. मग मान हलवून म्हणाले, "बरं. म्हणजे आता मला गजराचं घड्याळ आणावं लागणार." खिडकी उघडीच ठेवून ते आत गेले.

पोह्यांची पातेली मागे चढली. तर्रीचा डबा तेवढा राहिला, तो हिंदकळतो म्हणून कोणीतरी धरून बसावा लागतो. ताई खिडकीतून नवऱ्याकडे बघत होत्या. वासुदेवरावांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, ते गिऱ्हाईक येईन तवा तुमी हाय न इथं? त्याले सांगजा, गाडी इकाची नाही."

मग तर्रीचा गरम डबा मफलरात गुंडाळून त्यांनी उचलला, वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि क्लीनरच्या जागी बसून तो मांडीवर घेतला.

"चाल," ते बायकोला म्हणाले, "सावकाश घे. सांडन नाही तं."